पिसांचे डूल, फॅसिनेटर, बोआ: घालायची मजा आणि निस्तरायची कटकट

सुईदोरा | ३ जून, ११:४०

कानातल्यांच्या धाग्यावर पिसांचं अवांतर फारच वाढलं, म्हणून हा वेगळा धागा. डूल, हेअरबँड, फॅसिनेटर (केसांत लावायचा शोभेचा तुरा), बोआ (गळ्यात घ्यायचा पिसांचा लांब गोफ), ब्रोच, टोपीचा तुरा, सगळं चालेल. 'मला फार आवडतं' किंवा 'मला शहारे येतात' एवढंच लिहायचं असेल तर तो धागा आहेच. इथे कसं बनतं, कशाने बिघडतं, कुठे घालू नये ते लिहा.

मीच सुरुवात करते. पहिलं सुख वजनाचं. कोंबड्याच्या मानेच्या पिसांचा बोटभर लांब डूल केला तर पिसं ग्रॅमभरही भरत नाहीत, त्यात जड काय तर हुक आणि पिसांची बुडं धरणारं धातूचं टोपण. झुमक्यांनी ज्यांच्या कानाची पाळी ओघळलीय, भोक लांबलंय, त्यांना मोठं काहीतरी घालायची हौस यात भागवता येते. दुसरं सुख म्हणजे मान वळवली की पीस जरा उशिराने, आपल्या मागून येतं. ती लकब धातूला नाही.

त्रास कळायला पिसाची घडण माहीत हवी. मधे दांडा, दोन्ही बाजूंना तिरके तंतू आणि प्रत्येक तंतूला आणखी बारीक उपतंतू. या उपतंतूंना डोळ्याला न दिसणारे आकडे असतात, ते शेजारच्या तंतूत अडकतात आणि सपाट पातं तयार होतं. कपड्याच्या चेनसारखंच. पीस 'फाटलं' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आकडे नुसते सुटलेले असतात. चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे दोन-तीनदा हलकं ओढा, परत मिटतं. पक्षी चोचीने हेच करत बसतो. उलट्या दिशेने हात फिरवला की पातं विस्कटलंच.

शहामृगाच्या पिसाला हे आकडे नसतात. म्हणून ते कायम मोकळं, फुललेलं दिसतं, आणि म्हणूनच पावसात दोन मिनिटांत ओल्या वातीसारखं होतं.

कंगोरा | ३ जून, १२:२५

छान धागा. खरेदीबद्दल लिहितो.

बाजारात जे 'माराबू' म्हणून मिळतं ते माराबू करकोच्याचं नाही. नाव तिथून आलं, पण आजचा माल टर्कीच्या मऊ लवेचा असतो. नाइटगाऊनच्या कडा, चपलांचे गोंडे, स्वस्त हेअरबँड, सगळं तेच. दिसतं गोड, पण लव काळ्या कपड्यावर उतरली की सेलोटेप घेऊन बसावं लागतं.

कोंबड्याची मानेची आणि पाठीची पिसं अरुंद, लवचीक आणि चिवट असतात, डुलांना हीच सर्वांत बरी. शेपटीची लांब, काळी-हिरवी चमक असलेली पिसं फॅसिनेटरला. हंस-बदकाचं पंखाचं पीस ताठ. कात्रीने हवा तो आकार कापता येतो, पण एकदा दांडा मुडपला की ती घडी कधीच पुरती जात नाही. गिनी फाउलची पांढऱ्या ठिपक्यांची पिसं लहान दागिन्यात सुरेख दिसतात.

नवशिक्यांचं कायम चुकतं ते जोडीत. पंखाच्या पिसाला बाक असतो, डाव्या पंखाचा एकीकडे, उजव्याचा दुसरीकडे. दोन्ही कानांत एकाच बाजूची पिसं आली तर एक डूल गालाकडे वळतो आणि दुसरा मानेकडे. दुकानात दोन पिसं पाठीला पाठ लावून धरा, एकमेकांची आरशातली प्रतिमा दिसली पाहिजे. मानेच्या पिसांना हा प्रश्न जवळजवळ नाही.

सुईदोरा | ३ जून, १३:०२

जोडीचं अगदी बरोबर. आता डूल बनवायची कृती.

एका कानाला पिसं तीन: एक ९-१० सेंटिमीटरचं, एक ७ चं, एक ५ चं. शिवाय चामड्याच्या दोरीला लावतात ती घडीची टोपणं (दोन पंखांची, पक्कडीने दाबायची), ५ मिलिमीटरच्या कड्या, हुक, टोकदार पक्कड आणि कापडाला चालणारा पारदर्शक गोंद.

प्रत्येक पिसाच्या बुडाची लव सेंटिमीटरभर काढून दांडा उघडा करा. लव खाली ओढली की निघते, कात्री नको. तिन्ही पिसांची उजळ बाजू पुढे, सर्वांत लांब मागे, आणि दांडे एका रेषेत धरून शिवणाच्या दोऱ्याचे पाच-सहा घट्ट वेढे. गाठीवर गोंदाचा एकच थेंब. तो चिकट झाला, अजून वाळला नाही, अशा वेळी टोपणात ठेवून आधी एक पंख दाबा, मग त्यावर दुसरा. जादा दांडा वरून कापा. कडी उघडताना बाहेर ओढायची नाही, एक टोक पुढे एक मागे अशी पिळायची; ओढलेली कडी परत गोल होत नाही आणि पीस एक दिवस रिक्षात राहतं.

गोंदाशिवाय नुसतं टोपण दाबलं तर? दांडा गोल आणि गुळगुळीत, आठवडाभरात सरकून निसटतो. फार जोरात दाबलं तर पोकळ दांडा चिरतो आणि बरोबर टोपणाच्या कडेला तुटतो. म्हणूनच दोऱ्याचे वेढे, त्याने पकड मिळते आणि दाब वाटला जातो.

झिपऱ्या | ३ जून, १३:१०

ग्लू गन चालते की. पाच मिनिटांचं काम.

सुईदोरा | ३ जून, १३:३१

शाळेच्या गॅदरिंगपुरती चालते. तो गोंद उष्णतेने मऊ होतो हाच त्याचा गुण आणि हाच दोष. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला हेअरबँड उचलाल तर पिसं हातात आणि पट्टी वेगळी. शिवाय चामडं-सॅटीनवर त्याचा गठ्ठा दिसतो तो दिसतोच. टिकाऊ कामात शिवण आधी, गोंद नंतर.

यारापार | ३ जून, १६:५५

मेलबर्नहून. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत असते आणि ऑफिसातल्या जेवणालाही बायका फॅसिनेटर लावून येतात. नवीन आलेल्या मराठी मैत्रिणी 'तो तुरा कसा टिकतो' हे हमखास विचारतात.

फॅसिनेटरला खाली तळ असतो, बहुधा सिनामेचा, म्हणजे अबाका नावाच्या केळीच्या भाऊबंद झाडाच्या धाग्याचं जाळीदार कापड. त्याला पिसं टाके घालून लावतात आणि तळाला कंगवा, क्लिप किंवा इलास्टिक. आपल्या तेल लावलेल्या सरळ केसांत नुसता कंगवा टिकत नाही, घसरतो. त्या दिवशी केसांना तेल नको. जिथे कंगवा बसणार तिथले केस मुळाशी उलटे विंचरून थोडे फुगवा, दोन पिना एकमेकींवर फुली करून लावा आणि कंगवा त्या फुलीत अडकवा. इलास्टिक असेल तर ते हनुवटीखालून नाही, मागे, मानेच्या वर केसांखालून जातं. रूढ पद्धत उजव्या बाजूला, भुवईच्या वर तिरपं.

गाडीत बसायच्या आधी काढा. २५-३० सेंटिमीटरचं ताठ पीस छताला लागून जिथे वाकतं तिथे पांढरी रेघ पडते आणि मग ते पीस कायम तिथूनच मान टाकतं.

लंडनच्या लोकांना वेगळी सूचना. अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत, रॉयल एन्क्लोजर या खास निमंत्रितांच्या भागात २०१२ पासून फॅसिनेटर चालत नाही. टोपी हवी, किंवा किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर तळाचं हेडपीस. पिसं कितीही असोत, तळ मोजतात.

कंगोरा | ३ जून, १७:२०

गालाला गाल लावून भेटणाऱ्या समाजात या तुऱ्याचं टोक समोरच्याच्या डोळ्यात जातं, हेही लिहून ठेवा. घालणाऱ्याला कळतच नाही. पुढे झुकणाऱ्या पिसाचं टोक दांड्याच्या बारीक भागापर्यंत छाटावं किंवा पीस मागे कलतं लावावं.

मोरचेल | ३ जून, २१:१५

मोरपिसाचा विषय अजून निघाला नाही याचं आश्चर्य वाटतं. आपल्याकडे पीस म्हटलं की मोराचंच.

मोर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तरी वासुदेवाची टोपी, देवळातली मोरचेलं, रस्त्यावर विकायला असलेले पिसांचे जुडगे दिसतात, कारण मोराच्या शेपटीच्या पिसाला त्या कायद्याने सूट ठेवली आहे. त्यामागचं गृहीत असं की पिसं आपोआप गळलेली आहेत. मोर दरवर्षी पावसाळा सरताना पिसारा गाळतो, तेव्हा ती जंगलात, शेतात सापडतात. ही सूट देशातल्या देशात. निर्यातीला बंदी आहे, पिसाच्या वस्तूंनाही. त्यामुळे परदेशातल्या भाचीला मोरपिसाचे डूल पाठवायची कल्पना सोडा.

गळलेलं आणि उपटलेलं ओळखायचं बुडाकडे बघून. गळलेल्याचं टोक कोरडं, स्वच्छ, गोलसर मिटलेलं असतं. उपटलेल्याला वाळलेलं रक्त किंवा कातडीचा अंश राहतो. म्हणून ज्या जुडग्यात सगळ्या पिसांची बुडं कात्रीने सरळ कापलेली आहेत तो घेऊ नये.

दागिन्याच्या दृष्टीने: मोरपिसाच्या डोळ्यातला निळा-हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नाही. आतलं द्रव्य तपकिरी. उपतंतूंमधली सूक्ष्म रचना प्रकाश परतवते आणि आपल्याला निळं दिसतं. कुटून पूड केली तर तपकिरीच. म्हणून ते धुतल्याने 'रंग जाणं' शक्य नाही, पण तंतू चुरगळले, हेअरस्प्रेचा थर बसला की चमक मरते. मोरपिसाचा डूल घालायचा तर अत्तर, स्प्रे, पावडर आधी आणि डूल शेवटी.

झिपऱ्या | ३ जून, २१:२२

आणि ट्रेकला सापडलेली बाकीची पिसं? नीलकंठाचं एखादं निळं पीस काय देखणं असतं!

मोरचेल | ३ जून, २१:४०

फोटो काढा, पीस तिथेच ठेवा. सूट फक्त मोराच्या शेपटीला आहे. कायद्यातल्या 'ट्रॉफी'च्या (म्हणजे जपून ठेवलेल्या प्राण्याच्या अवयवाच्या) व्याख्येत पीसही येतं. घुबडाच्या पिसाच्या तर वाटेलाच जाऊ नका, त्याच्यामागे अंधश्रद्धेचा सगळा काळा बाजार आहे.

जर्सीकर | ४ जून, ०५:०५

अमेरिकेत यापेक्षा कडक. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली इथल्या बहुतेक सगळ्या देशी पक्ष्यांचं पीस जवळ बाळगणंही गुन्हा आहे, अंगणात पडलेलं असलं तरी. पोरं ब्लू जेचं पीस उचलून टोपीत खोचतात, तेही त्यात येतं. कोंबडी, पाळीव टर्की, शहामृग यांची चालतात. ऑस्ट्रेलियात जाताना कुठलंही पीस कार्डावर जाहीर करावं लागतं.

हा कायदा फॅशनमुळेच आला. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर फिरून टोप्या मोजल्या. ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसं, त्यात चाळीस जातींचे पक्षी. वीणीच्या काळात बगळ्यांच्या पाठीवर येणाऱ्या झिरझिरीत पिसांना सर्वांत मागणी, म्हणजे मारायचे ते पिल्लांना भरवणारेच. भारतातून पिसांची निर्यात १९०२ मध्ये बंद झाली, ब्रिटनने आयातबंदी केली ती १९२१ मध्ये.

पानगळ | ४ जून, ०९:३०

मग आज घालणं योग्य की नाही? कोपनहेगन फॅशन वीकने २०२५ पासून रानपक्ष्यांची पिसं बंद केलीत ना?

कंगोरा | ४ जून, १०:१०

केलीत. पण 'पीस' अशी सरसकट एक गोष्ट नाही, पक्षीनिहाय बघावं लागतं. कोंबडी आणि टर्कीचं पीस मांसाच्या धंद्यातून उरतं, फेकलं नाही तर वापरलं. हंस-बदकाच्या लवेत जिवंतपणी उपटण्याचा प्रश्न आहे, विचारून घ्यावी.

डोक्यातल्या पिसांचा किस्सा मात्र वेगळा. २०११ मध्ये अमेरिकेत केसांत लांब पट्टेरी पिसं लावायची लाट आली. ती पिसं खास मासे पकडायच्या गळाच्या खोट्या माश्या बांधण्यासाठी जोपासलेल्या कोंबड्यांची. अशा लांब, सडपातळ पिसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड केलेली, पुरवठा करणारे मोजके. सलूनवाल्यांनी दुकानं रिकामी केली, किमती भडकल्या आणि गळवाले नुसते चडफडत राहिले. तिथे पीस हे मांसाचं उरलंसुरलं नव्हतं, कोंबडा पिसासाठीच वाढवलेला होता. हा फरक लक्षात ठेवला तर पानगळ यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

पानगळ | ४ जून, १०:२६

पटलं, निम्मं. बाकीच्या निम्म्यासाठी कापडाचीच पिसं घालीन म्हणते.

झिपऱ्या | ४ जून, १०:४४

केसांत ती लावतात कशी? गोंदाने?

सुईदोरा | ४ जून, ११:१५

नाही, आतून सिलिकॉनचं अस्तर असलेल्या बारीक नळीसारख्या मण्याने. केसांची पातळ बट मण्यातून ओढायची, त्याच मण्यात पिसांची बुडं सरकवायची, मुळापासून सेंटिमीटरभर अंतर ठेवून पक्कडीने चपटा करायचा. मुळाला अगदी चिकटवून दाबला तर झोपताना ओढ बसते आणि बट तुटते. पीस केसासारखंच केराटिन या प्रथिनाचं, त्यामुळे न्हाणं, ड्रायर, स्ट्रेटनरही सोसतं. कापडी पीस असेल तर स्ट्रेटनरला वितळून चिकटेल, पानगळ, सांभाळा.

ओलेती | ४ जून, १४:०५

धुण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. रंगवलेलं पीस घाम आणि पावसात रंग सोडतं का, हे घालण्याआधी तपासा: पांढरा कापूस ओला करून बुडापाशी दहा सेकंद दाबून धरा. कापूस गुलाबी झाला तर मानही होणार, कुडत्याची कॉलरही. लाल, जांभळा आणि काळा हे जास्त दगा देतात.

न सोडणाऱ्याला धुणं सोपं. भांडंभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू, पीस बुडवून बुडाकडून टोकाकडे बोटं फिरवायची, दोन पाण्यांतून काढायचं, पंच्यात दाबून पाणी टिपायचं. पिळायचं नाही. या वेळी ते पाहून रडू येईल, चिंधी दिसते. ड्रायर कमी गरमवर ठेवून हलवत हलवत वाळवा. शेवटच्या दोन मिनिटांत अचानक फुलतं. अर्धवट वाळवून ठेवलं तर तंतू एकमेकांना चिकटून तसेच राहतात आणि वास धरतात.

मुडपलेल्याला वाफ. किटलीच्या तोंडापासून वीतभर लांब, दहा-पंधरा सेकंद, दांड्याचा बाक बोटाने सरळ करत. पण पीस धातूच्या टोपणात असेल तर धातू आधी तापतो, टोपणाला नव्हे तर पिसालाच पकडा. गोंदाने चिकटवलेल्या कामाला वाफ अजिबात नको.

घरी रंगवायचं असेल तर लोकर-रेशमाचा आम्लयुक्त रंग लागतो, सुती कपड्याचा बसत नाही. आधी अर्धा तास भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात, कारण पिसाला तेलकटपणा असतो आणि तो गेल्याशिवाय रंग डाग-डाग बसतो. दहा ग्रॅम पिसांना दीड लिटर पाणी, दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. पाणी कडकडीत गरम, पण उकळी नको. उकळलं की दांडे वेडेवाकडे होतात. वीस-पंचवीस मिनिटं.

कोकमसाल | ४ जून, १६:३०

कोकणात मुख्य शत्रू पाऊसही नाही, कसर. लोकरीला लागते तीच. पतंगाची अळी आणि एक बारीक केसाळ अळी, भुंग्याची. दोघींना केराटिन पचतं. लक्षणं: दांडा शाबूत पण तंतूंत खाचा, डब्याच्या तळाशी रव्यासारखा भुगा, किंवा अळीने टाकलेल्या केसाळ काती.

उपाय फ्रिजर. पीस जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड घट्ट बंद. घरच्या फ्रिजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवायची, नाहीतर थंड पिसावर दव धरतं आणि कसर मेली तरी बुरशी येते. कापराच्या वड्यांनी आत असलेली अळी मरत नाही. डांबरगोळी मारू शकते, पण फक्त घट्ट बंद डब्यात, तिचा वास मग महिनोन्‌महिने जात नाही आणि ती प्लास्टिकच्या खड्यांना लागली तर त्यांना मऊ करते. जून ते सप्टेंबर सिलिका जेलची पुडी डब्यात ठेवावी, महिन्याने बदलावी.

यारापार | ४ जून, १७:१२

आणि आग! पीस केसासारखं जळतं. घट्ट पिसाचं पातं चुरचुरून विझतं, पण माराबूची लव किंवा शहामृगाचा बोआ हवा खेळत असल्याने झटकन पेटतो.

ओलेती | ४ जून, १७:२०

औक्षणाच्या वेळी बोआ किंवा गळ्याशी येणारे लांब डूल काढून ठेवावेत हे त्यातच आलं. निरांजन हनुवटीच्या उंचीवर फिरतं. वाढदिवसाच्या केकवर वाकतानाही तेच.

झिपऱ्या | ४ जून, १९:०२

बोआ सगळीकडे पिसं गाळतो, त्याला काही उपाय? गोव्याच्या कार्निव्हलसाठी घ्यायचा विचार आहे.

कंगोरा | ४ जून, १९:४५

बोआत पिसं दोरीच्या पिळात अडकवलेली असतात, चिकटवलेली नसतात. जी नीट अडकली नाहीत ती गळणारच. नवीन बोआ घालायच्या आदल्या दिवशी गच्चीत नेऊन एक टोक धरून जोरात झटका, मग दुसरं टोक धरून. त्यानंतर ड्रायर थंड हवेवर ठेवून पाच मिनिटं. जे जायचं ते तिथेच जातं. दोन्ही टोकांच्या दोरीला गाठ आणि गाठीवर गोंदाचा थेंब, कारण पीळ उलगडायला सुरुवात टोकापासून होते. त्यानंतरही गळत राहिला तर पीळच सैल आहे, परत करा.

फेब्रुवारीत पणजीत घामाने मानेशी चिकटेल. आतून पातळ सुती स्कार्फ घ्या, रंग सोडला तर तो स्कार्फवर जाईल. लिपस्टिक मॅट लावा, ग्लॉस लावाल तर अर्धा बोआ ओठांवर.

झिपऱ्या | ४ जून, १९:५८

आणि नंतर ठेवायचा कसा? हँगरला?

कोकमसाल | ४ जून, २०:१०

हँगरला टांगला की स्वतःच्या वजनाने पीळ ताणतो आणि मधे टक्कल पडतं. मोठ्या डब्यात सैल वेटोळं करून, वर दाब न देता. डबा मसाल्याचा नको, पीस वास धरतं. कितीही घासलात तरी पुढच्या कार्निव्हलला मालवणी मसाला गळ्यात घेऊन फिराल.